खड्डा माझ्यात नव्हता

मी क्ष-किरण टिपणारा डिटेक्टर बोलतोय. अंतराळात गेलेला तो मी नव्हे. तो माझा जुळा भाऊ. मी मागे राहिलेला.

आम्ही दोघे एकाच स्फटिकातून कापले गेलो, तळहाताएवढे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी, ज्यांना सगळे मावशी म्हणत, भिंगाखाली श्वास रोखून आमच्या केसाहून बारीक तारा जोडल्या. उपग्रहावर जागा एकालाच होती. भावाची निवड झाली आणि मला ‘राखीव’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवलं. सहा वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मावशी तेवढ्या अधूनमधून दार उघडून, आत दमटपणा शिरला नाही ना ते बघून जायच्या.

एके सकाळी एक संशोधक मुलगी तावातावाने आत आली, मागोमाग तिचे सर. भावाने ताऱ्यांच्या एका जोडीकडे तीन आठवडे टक लावली होती. त्यातला एक तारा साधा. दुसरा मेलेला, शहराएवढाच, पण सूर्याहून जड आणि जोडीदाराचा वायू ओढून घेणारा. त्या ओढाताणीत निघणाऱ्या क्ष-किरणांच्या आलेखात, वरच्या ऊर्जेपाशी, एक खड्डा दिसत होता: तेवढ्या ऊर्जेचे किरण कमी भरत होते.

“ही ताऱ्याच्या चुंबकत्वाची खूण आहे, सर! तेच नेमके या ऊर्जेचे किरण अडवतंय.”

“किंवा डिटेक्टरच्या घडणीतच खोट असेल. खात्री नसताना छापून हसं करून घ्यायचंय का?”

मुलीचा चेहरा पडला. तिची चार वर्षांची मेहनत होती ती.

“अहो, त्याचा जुळा आहे की इथे,” मावशी म्हणाल्या. “तपासा त्याला. माझ्या हातून चूक झाली असेल तर तीही कळू दे.”

मला बाहेर काढून भावाइतकंच थंड केलं. समोरच्या नळीतून सगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडले. खोटं कशाला बोलू, मी धास्तावलो होतो. माझ्यातही खड्डा निघाला असता, तर तिघांचंही नाक कापलं गेलं असतं: भावाचं, मुलीचं, मावशींचं. दोन दिवस पडेल तो किरण मी इमानाने मोजला.

आलेख पडद्यावर आला. गुळगुळीत! कुठे खाच म्हणून नाही.

सरांनी भावाचा आलेख माझ्या आलेखाशेजारी ठेवला. “खड्डा ताऱ्याचाच आहे,” ते म्हणाले. “छाप तू. आणि मी अडवलं होतं, हेही खुशाल सांग.”

मुलीने मावशींना मिठीच मारली. पुढे त्या खड्ड्यावरूनच ताऱ्याचं चुंबकत्व मोजलं गेलं.

आता माझी जागा मधल्या टेबलावर आहे. भावाला काही नवल दिसलं की आधी माझ्यावर पडताळून घेतात. मावशी निवृत्त झाल्या, भावाच्या उपग्रहाचीही वर्षं सरत आलीत. माझं मागणं एवढंच: मला काचेत मांडून ठेवू नका, कामाला लावा. मी आकाश कधी पाहिलं नाही. पण आकाशात दिसलं ते खरं, असं म्हणायला माझाच शब्द लागतो.