बाबांच्या मागून लावलेले सूर

बाबांनी सुरात लावलेला पियानो बेसूर वाजला, तेव्हा लेकीने आधी स्वतःच्याच कानांना दोष दिला. उभा जन्म पियानोच्या तारा पिळून सूर जुळवण्यात गेलेला माणूस चुकेल कसा? पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्ही एकजीव झाल्या की सूर स्थिर उभा राहतो. बाबांचे सूर आता थरथरत होते आणि बाबा मात्र खुशाल झाकण लावून हात पुसत होते.

पण सांगायचं कोणी? बाबांचा राग कायम नाकावर. शेवटी आईनेच तोडगा काढला. दुपारी ते आडवे झाले की त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या लेकीने गुपचूप त्यांच्या दुकानात जायचं आणि तारा पुन्हा लावायच्या. त्यांचं मन दुखवायचं नाही, एवढाच हेतू. गिऱ्हाईकं खूश, बाबा खूश. असल्या मायेला काय म्हणावं, देव जाणे!

मग बाबांचं डोकं दुखायला लागलं. मेंदूचे फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "इथे बारीकशी गाठ दिसतेय. कान नुसता आवाज आत पोचवतो, त्याचं गाणं मेंदू करतो. ते काम बिघडलं असेल, तर गाठ पसरतेय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. नसेल, तर थांबू. गाणं वेगळं ऐकू येतं का हो?"

"मला?" बाबा हसले. "माझा एक पियानो परत आला असेल तर शपथ!"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच दटावलं. डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती. लग्नाआधी बाबांनीच तिच्यासाठी बांधलेली चाल.

"अगं, भांडी काय आपटतेस?" बाबा आतून ओरडले. "डोकं उठलंय माझं!"

आईच्या हातात मऊ चादर होती. ती गुणगुणायची थांबली.

"हां, आता कसं बरं वाटलं," बाबा म्हणाले.

लेकीने फोन लावला. "डॉक्टर, पियानो परत येत नव्हते, कारण बाबांच्या मागून ते मी पुन्हा लावत होते."



"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

लेकीने वर पाहिलं. समोर आईने चादर तोंडाशी घट्ट दाबून धरली होती. न जाणो, सवयीने एखादा सूर बाहेर पडला तर.