सीट काही उतरेना

मी एक जुनी सायकल आहे, काळ्या रंगाची, मधे दांडा असलेली, वडनेरच्या नत्थूजींची. मित्रांनो, आज मी इतक्या सुखात आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्याच आठवड्यात मला करवतीने कापायचं ठरलं होतं!

माझ्या जन्माचं मला फार आठवत नाही. कारखान्यातली भट्टीची धग आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच. हिंगणघाटच्या दुकानातून नत्थूजींनी मला घरी आणलं. ते ताडमाड उंच, म्हणून दुकानदाराने माझ्या सीटचा पाइप शेवटपर्यंत वर ओढून घट्ट आवळला. एवढ्या उंच सीटची सायकल गावात दुसरी नव्हती आणि मला त्याचा भारी तोरा होता. दुसऱ्या कुणी मागून नेली तरी त्याला टांग मारता येत नसे. तो वेशीपर्यंत मला नुसताच ढकलत न्यायचा आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

कामाला मात्र मी कधी मागे हटले नाही. शेतात जाताना कॅरिअरवर फवारणीचा पंप, येताना वैरणीचा भारा आणि बाजाराच्या दिवशी कौशल्याबाई, म्हणजे नत्थूजींच्या पत्नी. दसऱ्याला मला धुऊन-पुसून झेंडूचा हार घालत. मग कौशल्याबाई स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन येत आणि माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडत. सीटच्या पाइपाभोवती तर हात सैल सोडून ओतत.

पुढे नत्थूजींचे गुडघे दुखू लागले. एकदा टांग मारताना ते माझ्यासकट कलंडले, आणि त्या दिवसापासून मी गोठ्याच्या भिंतीला टेकले ती टेकलेच. कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. काम संपलं की ओळख संपली, असं धरून मी फुगून बसले होते. खरं तर नत्थूजींचीही तीच गत होती. शेत लांब, पायी जाववत नाही. ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्याच शेतातली पऱ्हाटी कशी आहे ते विचारत. स्वतःचा कापूस दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, याचं त्यांना फार वाईट वाटे.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सायकल चालवा, गुडघ्याला बरंच आहे. पण सीट एवढी खाली हवी की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. नत्थूजींनी त्याच दिवशी मला बसथांब्याजवळच्या प्रफुल मिस्त्रीकडे नेलं. जुन्या सायकली खोलून नव्यासारख्या करण्यात प्रफुलचा हात चांगला आहे.

माझे बाकी सगळे भाग सुटले. सीटचा पाइप मात्र जागचा हलेना. प्रफुलने त्यात डिझेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीने ठोकलं, मोठा पाना लावून पिळलं. माझं अंग कण्हलं, पण पाइप ढिम्म.

"काका, गंजानं पार जाम झाला. कापाच लागन," तो म्हणाला. "पण मंग फ्रेमचा भरोसा नाई. तुम्ही दुसरी सायकल पाहा."

"दुसरी नोको," नत्थूजी एवढंच बोलले आणि बाकावर बसून राहिले. मला वाटलं, झालं, आता भंगारवाला.

करवत हातात घेतली तरी प्रफुलचं मन होईना. एकदा शेवटचं तापवून पाहू म्हणून त्याने गॅसची ज्योत माझ्यावर धरली. रंग करपला, मी कळवळले. तेवढ्यात कौशल्याबाई नवऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काऊन रे प्रफुल, जवस जळून राह्यला का इथं?"

"इथं कुठचा जवस, काकू?"

त्यांनी माझ्याजवळ येऊन वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे त माह्यंच तेल! दर दसऱ्याले मीच टाकत होती. घरात जे खातो तेच सायकलले."

प्रफुलने ज्योत बंद केली आणि तो पोट धरून हसायला लागला. "काकू, जवसाचं तेल वाळलं का वार्निस होते! बैलबंड्या रंगवाले तेच वापरतात. मी इकडं गंजासंगं भांडून राह्यलो!"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. माझ्या सांध्यात गंज नव्हता, वर्षानुवर्षांचा लाड वाळून बसला होता. आणि मी मात्र कोंबड्यांचा राग माणसांवर काढत होते.

रंगाचा कडक झालेला ब्रश धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात मऊ होतो, हे प्रफुलला ठाऊक होतं. त्याने मला उलटं केलं, खालून पाइपात कढत सोड्याचं पाणी भरलं, गार झालं की पुन्हा भरलं. मग पाना लावला. आधी कर्र झालं, मग पाइप केसभर फिरला, मग बोटभर.

"सुटली!" तिघंही एकदम ओरडले. आणि खरंच, मी सुटले.

प्रफुलने पाइप आतबाहेर पुसला, ग्रीस लावलं, सुटे केलेले भाग पुन्हा जोडले आणि सीट खाली बसवली. नत्थूजी मला थोडं तिरकं करून अलगद बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. त्यांनी ते पाय दोनदा पाहिले.

त्या संध्याकाळी शेतातून आल्यावर ते अंगणातूनच ओरडले, "अवं, पऱ्हाटी माह्या छातीले लागून राह्यली!" हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या घरी माझं कुणी भाऊबंद असेल तर त्याचा लाड जरूर करा. फक्त तेल कोणतं घालायचं ते मिस्त्रीला विचारा, आणि जे हलायला हवं ते वर्षातून एकदा हलवून पाहा. कुणी जाम झालंच तर करवत उचलण्याआधी जरा वासही घ्या. आता मला निघायला हवं. नत्थूजी चपला घालून बाहेर आलेत, आणि मला धरायला त्यांनी कुणालाच हाक मारलेली नाही.