घाटात न वाजलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. शुद्ध मराठीत मला सायरन म्हणतात. महाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन फुटके टायर आणि गाडीचं एक सुटं दार यांच्या सोबतीने मी पडून असतो.

मित्रांनो, कारखान्यात मला एकदाच तपासलं. मी ओरडलो आणि पास झालो. इतकी सोपी परीक्षा फार थोड्यांच्या वाट्याला येते. पुढे मला एका सरकारी रुग्णवाहिकेच्या टपावर बसवलं. पुढे चालक भरत, मागे पेशंटजवळ डॉक्टर ललिताताई. भरत बटण दाबायचा, मी ओरडायचो, ट्रक बाजूला व्हायचे. बाळंतिणी, साप चावलेले, हायवेवर आपटलेले, सगळ्यांना आम्ही महाडला पोचवलं. मला त्याचा गर्व होता. भरतला डबा खायला वेळ मिळाला तरी पुरे असे.

मग कोरोना आला. ज्या घरापुढे मी वाजलो, त्या घराशी वाडी बोलेनाशी होई. म्हणून लोक फोनवरच सांगत, गाडी गुपचूप आणा. भरत वाडीच्या अलीकडे मला बंद करी आणि हायवेला लागला की पुन्हा सुरू करी. ही पद्धत कुठल्याच नियमात नव्हती, म्हणून सुरळीत चालली होती.

दुसऱ्या लाटेत कशेडी घाटालगतच्या एका वाडीतून आम्ही हैबतीला उचललं. त्याला धाप लागली होती. त्याची बायको सुंदराबाई दाराला धरून म्हणाली, "भरता, भोंगा नको वाजवू रे. वाडीला कळला तर मला विहिरीवर पाय ठेवू देणार नाय."

भरतने मान हलवली. सलग चौदा दिवस तो गाडीवर होता. हायवेला लागला आणि मला सुरू करायचं विसरला.

घाटात ट्रकांची रांग होती. आम्ही तिच्यामागे सभ्य माणसांसारखे उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ललिताताईंनी मधली काच ठोकली. "भरत, सायरन बंद का आहे?"

त्याने बटण दाबलं. मंत्र्याच्या गाडीला होतो तसा रस्ता मोकळा झाला. पोलादपूर यायच्या आत हैबती गेला.

काही दिवसांनी सुंदराबाई फणस घेऊन गाडीपाशी आली. "बरा झाला तू वाजवला नाय," ती भरतला म्हणाली. "हार्टअटॅक सांगितला सगळ्यांना. तुझे उपकार हायत."

तिने शिवी घातली असती तर तो सावरला असता. तो फणस गाडीतच कुजला.

त्यानंतर गाडी उभी असली तरी भरतचा अंगठा स्टिअरिंगवर काहीतरी दाबत राही. रिकाम्या गाडीतही तो मला वाजवू लागला. लोकांनी तक्रार केली, वरून समज मिळाली.

सरकारने मनाचीही काळजी घेतली. एक फॉर्म पाठवला. झोप लागते का, तेच तेच आठवतं का, जगणं नकोसं वाटतं का. भरतने तो बॉनेटवर ठेवला आणि शेवटच्या प्रश्नावर पेन धरून उभा राहिला. फॉर्म गोळा करणारा बाबू मनाने चांगला होता. त्याने बजावलं, "सगळीकडे नाही लिही. एक हो दिसला की गाडी काढून घेतील." भरतने सगळीकडे नाही लिहिलं. आमच्या गाडीवरची सगळी माणसं ठणठणीत निघाली.

मग सत्कार झाला. कोरोना योद्ध्यांना मानवंदना म्हणून सायरन वाजवावा, असं पाहुण्यांनी सुचवलं. भरतने बटणापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. विनय समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पाहुण्यांनीच बटण दाबलं. मी वाजलो. माझं कामच ते.

पुढे गाडी मोडीत निघाली. भरत आता नवी गाडी चालवतो. परवा शेडबाहेर ललिताताईंनी त्याला विचारलं, "भरत, त्या दिवसाचं कधी बोलायचं?"

"कुठल्या दिवसाचं?" तो म्हणाला आणि टायरातली हवा बघायला खाली वाकला. ताईंना फोन आला, त्या गेल्या. तो बराच वेळ वाकलेलाच होता.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलपाणी करू नका. वायर जोडली की मी आजही वाजेन. तो मात्र "कुठल्या दिवसाचं" म्हणेल. तेव्हा फोन वाजू द्या, आणि त्याच्याशेजारी खाली बसा.