आकडेबाबांची फुंकर

प्रयोगशाळेच्या दारातून निघालेली रांग जिना उतरून, रस्ता ओलांडून थेट समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसली होती. खोटं कशाला सांगू, वाटेतला विजेचा खांबसुद्धा आपला नंबर लागावा म्हणून दोन बोटं पुढे सरकताना मी पाहिला.

जिन्यात आकडेबाबा बसलेले. "रोग देवाचा, आकडा माझा!" असं गर्जून ते कोपराच्या खळग्यात फुंकर घालत, आणि तपासणीतला आकडा धाडकन उतरे म्हणे. एकाने घरचा विजेचा मीटरच उपटून आणला होता. एक बाई लेकाचे गुण घेऊन आल्या, तर बाबा खेकसले, "चढवायचं काम आपल्याकडे नाही!"

या चमत्काराचे मूळ मानकरी आमचे दाजी, वजनकाटे दुरुस्त करणारे. त्यांच्या स्वादुपिंडावर पाण्याची गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून, गाठीला सुई टोचून पाणी काढलं. पाणी कसलं, डिंकच! त्यात सीईए नावाच्या पदार्थाचा आकडा हजाराच्या घरात निघाला. शिवाय गाठ वाढत होती.

"आत्ताच काढून टाकू. पाण्यात एवढा आकडा असलेली गाठ पुढे बिघडू शकते. उद्या तिथे कर्करोग व्हायला नको," बाई म्हणाल्या.

दाजी पळाले ते बाबांकडे. बाबांनी फुंकर घातली आणि बजावलं, "आता पोटात सुई नको, मंत्र गळतो! दंडातून घ्या." आकडा आला तीन! दाजींनी ऑपरेशन रद्द केलं.

"अहो, जिवाशी खेळ आहे हा," माझी ताई नवऱ्यापुढे रडकुंडीला आली.

"आकडा गेला, आता जीव कशाला जातोय?"

शेवटी ताईने डॉक्टरीणबाईंनाच जिन्यात आणलं. बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "दाजींच्या या मेहुण्यांचं रक्त घ्या. आणि बाबांचंही."

"माझ्यात रक्त नाही, तेज आहे!"

"मग तेज काढा," म्हणत ताईने बाबांचा दंड धरला. दाजींच्या दुकानातली वजनं उचलून घट्ट झालेला पंजा तो. बाबा हलले नाहीत.

मला कोणी फुंकर घातली नव्हती, तरी माझा आकडा दोन. बाबांचा पाच!

रांगेत हाहाकार. "अरे, बाबांना कुणीतरी फुंका!" न्हाव्यासकट सगळे फुंकू लागले. त्या वादळात बाबांची टोपी उडाली आणि खालून विड्यांचं बंडल पडलं.

"विडी ओढणाऱ्याचा थोडा चढतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "एरवी रक्तात तो बहुतेकांचा लहानच असतो. गाठीच्या पाण्यातला आकडा वेगळा. रक्त तपासून तो कळत नाही."

दाजींचा हट्ट सुटेना. "पण हजाराचे तीन झाले ना?"

"अहो, भरलेलं पोतं खाली उतरवलंत आणि रिकामा काटा वाचलात!" ताई कडाडली. "एखादं गिऱ्हाईक असं वागलं तर दुकानातून हाकलाल त्याला!"

मग दाजी हळूच म्हणाले, "बाई, तारीख मिळेल का परत?"

मिळाली. कर्करोग होण्याआधी गाठ निघाली. बाबा त्याआधीच निघाले होते. खांबही जागेवर गेला.

तेव्हा मंडळी, आकडा उतरला म्हणून नाचण्याआधी एवढंच विचारा: मोजलं काय, आणि घेतलं कुठून? या प्रश्नावर ज्याला राग येईल, त्याची टोपी एकदा उचलून बघा.