क्लीनर साईड

मेहनाजचं म्हणणं असं होतं की जगातली सगळ्यात चांगली मालिका कुणी बघतच नाही.

"कसली? कार्टून का?" मी विचारलं.

"कार्टून नाही हो बाई. अ‍ॅनिमे. जपानी आहे. एकच सीझन निघाला. लोकांनी बघितलीच नाही, मग पुढचा काढतील कशाला?" हे ती अशा रागानं म्हणाली, जणू त्या लोकांत मीही होते.

भवानी पेठेत एका टॉवेलच्या दुकानावरची खोली आम्हाला मुलांच्या वाचनालयासाठी मिळालेली आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथंच असते. मे महिन्यात दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. मुलांना घरात करमत नाही आणि बाहेर उन्हात सोडवत नाही. म्हणून रविवारी दुपारी आम्ही खिडक्यांना जुन्या चादरी लावतो, एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला प्रोजेक्टर भिंतीवर सोडतो आणि काहीतरी बघतो. काय बघायचं, यावर दर आठवड्याला भांडण होतं.

यंदाच्या भांडणात एका बाजूला मेहनाज होती, आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. दुसऱ्या बाजूला अजिनाथ. तो नातेपुत्याहून सुट्टीला मामाकडं आला होता आणि त्याला फक्त हाणामारीचे पिक्चर हवे होते. उंचीनं तो सगळ्यांत मोठा, त्यामुळे बारकी पोरं आपोआप त्याच्या मागं.

"जपानी भाषा कुणाला कळती हितं?" तो म्हणाला. "खाली इंग्रजी पट्टी. पिक्चर बघायचा का धडा वाचायचा?"

"मी सांगणार मराठीत," मेहनाज म्हणाली. "पडद्याच्या शेजारी उभी राहून. आवाज बारीक करायचा आणि सगळ्यांचं बोलणं मी बोलायचं."

"कप्तानाचं पण तूच आन् बंबवाल्याचं पण तूच?"

"हो. सगळ्यांचं."

मी निकाल दिला. दोन रविवार मेहनाजचे. दुसऱ्या रविवारी शेवटी हात वर करायचे. तिच्या बाजूनं जास्त हात आले तर सुट्टीभर तिची मालिका, नाहीतर अजिनाथचे पिक्चर.

मालिका मी आधी थोडी बघून घेतली, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडली. त्या जगात रस्ते नाहीत. डोंगर इतके उभे, की एका गावातून दुसऱ्या गावात पायी जाताच येत नाही. मधे नुसते ढग. टपाल, औषधं, बी-बियाणं, सगळं नेतात ती वाफेवर चालणारी हवाई जहाजं. वर कापडाचा मोठा फुगा, खाली लाकडी होडी, मधे तांब्याच्या नळ्या आणि धुरांडं. ती जहाजं मुलं चालवतात, कारण मोठ्या माणसांचं वजन त्यांना पेलत नाही. एका जहाजाचं नाव पाकोळी या अर्थाचं आहे. त्याची कप्तान नाओ, मेहनाजच्याच वयाची. भट्टी सांभाळतो तो गेंता, म्हणजे अजिनाथचा 'बंबवाला', नाओहून लहान आणि सदा काजळी फासलेला. जहाजाच्या शिट्टीला मेहनाजनं 'भोंगा' म्हणायचं ठरवलं होतं. आमच्या पेठेत घरोघरी कुणी ना कुणी गिरणीच्या भोंग्याच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत, त्यामुळे तो शब्द मला फार पटला.

"बाकीचं तुझं मराठी एकदा वाचून दाखवतेस का मला?" मी विचारलं होतं.

"नको बाई. मला जमतंय."

जमतंय म्हणणाऱ्या मुलाच्या मधे मी पडत नाही.

पहिल्या रविवारी खोली भरली. सुरुवात झकास झाली. भोंगा वाजला तेव्हा मेहनाजनं असा आवाज काढला की खालचे दुकानदार जिन्यात येऊन बघून गेले. मग वादळ आलं. जहाज हेलकावे खाऊ लागलं. नाओ चाकावर लटकून ओरडली आणि मेहनाजही तितक्याच जोरात ओरडली,

"बंदराकडे वळवा! पूर्ण बंदराकडे!"

पहिल्या ओळीत तिचा धाकटा भाऊ अझरुद्दीन बसला होता. यंदा पहिलीत जाणार. तो गुडघ्यावर उठून भिंतीजवळ गेला.

"बाजी, बंदर किदर हय? मेरेकु नै दिकरा."

पोरं मागं-पुढं बघायला लागली. कुणी म्हणालं फुग्यावर आहे, कुणी म्हणालं धुरांड्यात लपलंय. मेहनाजला काही समजेना. घरी दखनीत बंदर म्हणजे माकड, शाळेच्या पुस्तकात बंदर म्हणजे जहाजं थांबायची जागा. तिनं फोनवरच्या शब्दकोशात 'पोर्ट' बघितलं होतं आणि पहिला आलेला अर्थ उचलला होता. ढगांच्या मधोमध बंदर कुठून येणार, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि आपला भाऊ माकड शोधतोय, हेही नाही. ती तशीच पुढं रेटत गेली.

"कप्तान, जहाज यादी करतंय!"

"कसली यादी?" अजिनाथ मागून म्हणाला. "किराण्याची का?"

झालं. खोलीभर हसू फुटलं. "साखर लिव्ह, चहापत्ती लिव्ह!" "बंदराला फुटाणे लिव्ह!" मेहनाज थांबली. पडद्यावर नाओ तोंड उघडून-मिटून ओरडत होती आणि तिला आवाज नव्हता. भाग संपायच्या आत निम्मी पोरं माठाकडं गेली आणि तिथूनच घरी गेली.

सगळे गेल्यावर मेहनाजनं वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी अजिनाथचा पिक्चर लावा, बाई."

"तो रविवार तुझा आहे. तो मी कुणाला देणार नाही."

"मग रिकामा ठेवा."

"ठेवीन की. पण उद्या सकाळी ये. मला त्या वादळात काय झालं ते नीट कळलं नाही."

ती आली. तोंड पाडून का होईना, आली. मी आवाज पूर्ण बंद केला आणि खालची इंग्रजी अक्षरं अडतील अशी एक जाड पट्टी प्रोजेक्टरपुढं धरली.

"आता वाचू नकोस. नुसतं बघ आणि मला सांग."

"काय सांगू? वारा आलाय. जहाज कललंय."

"कसं?"

"असं, एका अंगाला. माल एकीकडं भरला की अब्बांचा टेम्पो बसतो ना, तसं." ती थांबली. "म्हणजे ते यादी नव्हतंच का?"

"'लिस्ट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, यादी आणि कलणं. तू ओळखीचा घेतलास."

"आणि पोर्ट?"

"जहाजाची डावी बाजू."

तिचा चेहरा खुलला, पण लगेच पुन्हा मावळला. तिनं तो तुकडा परत लावला. नाओ आमच्याकडं तोंड करून चाक फिरवत होती. ती डावीकडं वळली आणि भिंतीवर जहाज आमच्या उजवीकडं गेलं.

"बघा बाई! मी 'डावीकडं' म्हणणार आणि जहाज जाणार उजवीकडं. अजिनाथ म्हणेल, हिला डावं-उजवंसुद्धा कळत नाही."

अडचण खरी होती. त्यावर एक उत्तर माझ्या मनात आलंही, पण ते पुस्तकी होतं. भट्टीवरच्या पोराच्या तोंडी ते शोभलं नसतं. "विचार करू," मी म्हणाले आणि माठातलं पाणी तिला दिलं.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. मेहनाजचे वडील इलाहीबक्षभाई टॉवेलचे गठ्ठे न्यायला टेम्पो घेऊन आले होते. आमच्या गल्लीत गाडी सरळ घातली तर वळवून बाहेर काढता येत नाही. ती उलटीच आत घ्यावी लागते आणि दोन्ही बाजूंना ओटे, पायऱ्या, कुणाची तरी मोटारसायकल.

"मेहनाज! पीछे देख गे!" खालून हाक आली.

ती जिना उतरून गेली. मी खिडकीतली चादर बाजूला केली. टेम्पोच्या मागं, अब्बांना आरशात दिसेल अशी ती उभी राहिली आणि तिचा आवाज गल्लीभर घुमला.

"आन्दो, आन्दो! क्लीनर साईड काटो! और काटो! अब सीदा! ड्रायवर साईड देको, पायरी हय! आन्दो... बस्स!"

टेम्पो दुकानाच्या दारात बरोबर थांबला. इलाहीबक्षभाईंनी मागं वळूनही बघितलं नव्हतं.

ती वर आली तेव्हा मी विचारलं, "तू अब्बांना डावं, उजवं असं का गं सांगत नाहीस?"

"कसं सांगणार? मी गाडीकडं तोंड करून उभी असते कधी, कधी पाठ करून. माझं डावं ते त्यांचं उजवं. गोंधळ होतो. क्लीनर बसतो ती क्लीनर साईड. कुणी कुठंही तोंड करून उभं राहू दे, ती बाजू काही..."

वाक्य अर्धंच राहिलं. ती भिंतीकडं बघत होती. तिथं नाओ चाकाला धरून थांबलेली होती.

"बाई," ती हळूच म्हणाली. "जहाजावर पण सगळे इकडं-तिकडं तोंड करून असतात."

"असतात खरे."

"म्हणून त्यांनी बाजूला नाव दिलं!"

पट्टी बाजूला टाकून तिनं दुसरा भाग पहिल्यापासून लावला आणि जेवायच्या वेळेपर्यंत ती पडद्याशी एकटीच भांडत होती. नंतरच्या दिवसांत ती रोज आली. मी माझं वाचत बसायचे. मधूनच ती विचारायची, "बाई, 'स्टेडी'ला 'सीधा' म्हणू की 'धरून ठेव'?" मी विचारायचे, "गेंता कसं म्हणेल?" मग ती स्वतःच ठरवायची.

दुसऱ्या रविवारी गर्दी कमी होती. अजिनाथ मात्र वेळेआधी आला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला.

"यादी आणली का, मेहनाज?" त्यानं विचारलं.

"आणलीय. पहिलं नाव तुझंच आहे. मुकाट बस."

तिचा तो सूर ऐकला आणि मी निर्धास्त झाले.

या भागात जहाज औषधं घेऊन एका डोंगरावरच्या गावाला जातं. तिथं पोचता पोचता इतकं दाट धुकं येतं की नाओला चाकापुढचा हातभर भागही दिसत नाही. धक्क्याला लागायचं तर जहाज उलटं आत घ्यायला हवं. दोन्ही बाजूंना कडे. गेंता कमरेला दोर बांधून मागच्या टोकाला लटकतो आणि तिथून ओरडून सांगतो. भट्टी सोडून आल्यामुळे वाफही कमी होत चाललेली असते. एकदाच प्रयत्न करता येणार.

मेहनाजनं एक पाय पुढं टाकला. टेम्पोच्या मागं उभी राहते तशी.

"येऊ दे! येऊ दे, नाओ! क्लीनर साईड काट!"

मग अझरुद्दीन उठून उभा राहिला.

"आन्दो!" तो ओरडला. "आन्दो, आन्दो!"

त्या खोलीत असं एक पोर नसेल ज्यानं कधी मागं उभं राहून, ओरडून कुणाची गाडी आत घेतलेली नाही. पेठच तशी आहे, रोज गठ्ठे येतात आणि जातात. पडद्यावर धुक्यातून कड्याचा काळा दगड एकदम जवळ आला आणि पोरं गुडघ्यावर आली.

"ड्रायव्हर साईड बघ, दगड आहे!" मेहनाज.

"दगड हय! दगड हय!" पहिली ओळ.

"एका अंगाला बसलंय जहाज! माल सरकव!"

"आरं काट की!" हा आवाज मागून आला. अजिनाथ भिंत सोडून माणसांत आला होता. "आरं तिच्या मागं भिताड हाय! लई येतंय ते! थांबव की तिला, मेहनाज!"

"अजून जागा आहे!" मेहनाज त्याच्याकडं न बघता ओरडली. "धरून ठेव... येऊ दे... येऊ दे..."

"बस्स!" सगळी खोली ओरडली. खालच्या दुकानातनं कुणीतरी छताला काठीनं ठोकलं.

जहाज धक्क्याला टेकलं. पण दोर सुटला होता आणि गेंता दिसत नव्हता. भाग तिथंच संपला.

मी दिवा लावला. "हं. ठरल्याप्रमाणे हात वर करायचे. ज्यांना मेहनाजची मालिका..."

"थांबा हो बाई," अजिनाथ म्हणाला. "हात कसले वर करताय? आदी ते बंबवालं पोरगं वर आलं का न्हाय ते बघू द्या की."

"म्हणजे पुढचा भाग लावायचा?"

"मग? मधीच सोडून जायचं व्हय त्याला?"

"आणि तुझा पिक्चर?" मेहनाजनं विचारलं. तिला ते विचारायचंच होतं.

"त्यो कुटं पळून चाललाय," अजिनाथ म्हणाला आणि पुढच्या ओळीत जागा करून बसला. "लाव आता. लई भाव खाऊ नको."

मी दिवा बंद केला. पडद्यावर धुकं हळूहळू विरलं. आधी दोर दिसला, मग दोराला धरलेला काळाकुट्ट हात, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. गेंताच्या मागं कड्यात कोरलेला उंच धक्का उभा होता. त्याला पाच-सहा जहाजं बांधलेली, शिड्या, दिवे, माल उतरवणारी मुलं. मेहनाजनं चित्र थांबवलं.

"अझर," ती म्हणाली, "तुला बंदर बघायचं होतं ना? हे बघ. मराठीतलं बंदर हे असं असतं."

अझरुद्दीन पुढं गेला. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत त्यानं ते सगळं नीट बघितलं.

"अच्चा हय," तो म्हणाला. "पन इसकी दुम किदर हय?"

मेहनाजनं क्षणभर विचार केला आणि धक्क्यावरून खाली लोंबणाऱ्या दोराकडं बोट दाखवलं.

"ती काय शेपटी. क्लीनर साईडला."