चाके थांबली, सुई हलत राहिली

मित्रांनो, भद्रावतीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला मी एक टेपरेकॉर्डर आहे. मला पाहून तुम्हाला हसू येईल. तुमच्या खिशातला मोबाइल जे काम सहज करतो, त्यासाठी मला पोटात सेल, कॅसेट आणि दोन चाके लागत. पण एके काळी माणसे माझ्यासमोर बसायची, घसा साफ करायची आणि आपले सारे आयुष्य माझ्या ओटीत टाकायची.

माझा जन्म कारखान्यातला. नागपूरला सीताबर्डीवरच्या दुकानात मी काचेमागे बसलो होतो, तिथून बापूजींनी मला आणले. बापूजी मराठी शिकवायचे. मोठी माणसे फक्त पुण्या-मुंबईलाच होतात असे नाही, आपल्या झाडीपट्टीत, या जंगलाच्या मुलखातही होतात, त्यांचे जीवन त्यांच्याच तोंडून जपून ठेवायचे, असे त्यांनी मनाशी धरले होते. सुट्टी लागली की मला पिशवीत घालून ते एसटीत बसत. खाणींच्या कोळशाची धूळ माझ्यात शिरू नये म्हणून पिशवीवर आपला पंचा टाकत आणि स्वतः मात्र काळे होत.

किती जणांचे आवाज मी ऐकले! छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेलेले एक वकील होते, ते तो दिवस सांगताना आपोआप उठून उभे राहिले. झाडीपट्टीच्या नाटकांत राजा होणारे श्रीहरीभाऊ होते. त्यांनी मला पाहिले आणि विचारले, "मास्तर, माहा आवाज या डब्यात कोंडला, त उद्याच्या नाटकात म्या काय मांजरीवानी ओरडू?" बापूजी इतके हसले की ते हसूही कॅसेटवर उतरले. पुढे चंद्रपूरच्या एका कार्यक्रमात या मुलाखती ऐकवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हार घातला नाही, पण बापूजींनी आपल्या गळ्यातला हार घरी येऊन माझ्यावर ठेवला.

बापूजी रोज स्नान करून देवपूजा आटोपत आणि मग कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझे हेड पुसत. पूजेइतक्याच निगुतीने. त्यांचा आणखी एक नेम होता. बोलता बोलता माणसाचा गळा दाटला, डोळ्यांत पाणी आले, की ते हळूच माझे पॉजचे बटण दाबत. कोणाचे रडणे चारचौघांत वाजवायचे नाही, देवाने दिलेले दुःख देवापाशीच राहू द्यावे, असे ते म्हणत. माणूस शांत झाला की बटण सुटायचे आणि बोलणे पुढे चालायचे. हा नेम त्यांनी एकदाही मोडला नाही. मलाही तो फार चांगला वाटायचा.

पण पॉज दाबल्यावर माझी चाके थांबत, कान मात्र उघडे राहत. माझ्या अंगावर आवाजाची एक सुई होती, ती हलत राहायची. मी सगळे ऐकायचो. धरून काहीच ठेवू शकायचो नाही.

मग आम्ही भामरागडकडे गेलो. तिथल्या गावांत बायनाबाई नावाच्या सुईणबाई होत्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद, मग दवाखाना कुठला? अशा दिवसांत कित्येक लेकरे त्यांच्या हातांनी या जगात आली. जिल्ह्याने त्यांचा सत्कार केला होता, शाल त्यांनी दोरीवर वाळत घातली होती. मला उलटसुलट बघून त्या म्हणाल्या, "हे काई खात नाई, पेत नाई, मंग एवढं ऐकून जाते कुठी?"

बापूजींनी विचारले, कोणते बाळंतपण विसरता येत नाही? बायनाबाई म्हणाल्या, एका पुराच्या वेळी पलीकडच्या काठाची एक बाई आली होती, एकटी. बायनाबाईंचा आवाज तिथेच फुटला. बापूजींचे बोट पुढे आले. चाके थांबली.

मित्रांनो, त्या थांबलेल्या वेळात जे बोलणे झाले ते असे होते. त्या बाईच्या नवऱ्याला रानातून कोणी उचलून नेले होते. कोणी नेले, हे तिलाही कळले नव्हते. त्या दिवसांत तिकडे बंदुका दोन्हीकडच्या होत्या आणि भीती एकच होती. माझे नाव कोणाला सांगू नको, लेकराचा जीव जाईल, असे तिने बायनाबाईंचा हात धरून सांगितले. मुलगी झाली. आईचे रक्त थांबेना. खाटेवर बांधून दवाखान्यात न्यावे तर समोर सगळे पाणीच पाणी. ती गेली. बायनाबाईंनी तिला नाल्यावरच्या मोहाखाली पुरले आणि पूर ओसरल्यावर लेकरू आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स हर्षाबाईंच्या ओटीत घातले. नाव त्यांनाही सांगितले नाही.

"आता इतके वर्ष झाले," बायनाबाई रडत म्हणाल्या, "आता सांगतो, बापू. जुरी नाव होतं तिचं. जुरी."

माझी सुई हलली. बापूजींनी त्यांना पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. त्या शांत झाल्यावर त्यांनी बटण सोडले आणि सत्काराबद्दल विचारले.

पुढे माझे दिवस फिरले. आधी कॅसेटी मिळेनाशा झाल्या, मग माझा पट्टा सैल झाला. बापूजींची नजर अधू झाली. बायनाबाई वारल्या. मी कपाटात गेलो. कॅसेटींवर पांढरी बुरशी चढली, एका डब्यात झुरळांनी घर केले. बापूजींची सून माधवी देवापुढे दिवा लावायची तेव्हा फटीतून थोडा उजेड यायचा, तेवढाच.

आणि मागच्या हिवाळ्यात संघप्रिया आली. चंद्रपूरला एका दवाखान्यात ती रक्त तपासायचे काम करते. हर्षाबाई आणि त्यांच्या यजमानांनी तिला बदली होऊन आल्यावर भद्रावतीच्या कॉलनीत पोटच्या मुलीसारखी वाढवली होती. हर्षाबाईंनी शेवटच्या आजारात तिला एवढेच सांगितले, की तुला बायनाबाईंनी माझ्या हाती दिले. मग ती भामरागडला जाऊन आली होती. तिथे पत्रू नावाच्या एका म्हाताऱ्यांनी तिला सांगितले, की आम्हा आदिवासींमध्ये गेलेल्या माणसाचे नाव घेऊन दगड उभा करतात, गाव जेवते, मग तो जीव आपल्या माणसांत येतो. तुझ्या आईला कोणी आणलेच नाही, ती अजून बाहेरच आहे. बायनाबाईंचे बोलणे भद्रावतीच्या एका मास्तरांनी टेप करून नेले होते, हेही तिला तिथेच कळले.

"मले दुसरं काई नाई पायजे, बापूजी," ती म्हणाली. "फक्त आईचं नाव पायजे."

बापूजींचा चेहरा उजळला. बायनाबाईंची कॅसेट आहे, त्यात सगळे आहे, असे ते ठासून म्हणाले. माधवीने मला बाहेर काढले, चंद्रपूरहून नवा पट्टा आणवला. संघप्रियाने आपल्या हातांनी माझे हेड पुसले. तिचे हात फार हलके होते. कॅसेट लागली. बायनाबाई बोलू लागल्या. पलीकडच्या काठाची एक बाई आली होती, एकटी. संघप्रिया माझ्यावर वाकली. तिचा श्वास माझ्या जाळीला लागत होता.

खट्.

आणि बायनाबाई शांत आवाजात सांगू लागल्या, की शाल चांगली होती पण उन्हाळ्यात काय करायची.

संघप्रियाने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. पुन्हा तेच. बापूजी काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"इथी काय झालं, बापूजी?"

"म्या बंद केल्तं," ते म्हणाले. "रडत होती ते. म्हून बंद केल्तं, बाई."

"तवा नाव सांगतलं का तिनं?"

"सांगतलं असन."

"आठवा ना जरा."

बापूजींनी डोळे मिटले. ओठ हलले. मी सगळ्या जिवाने वाट पाहत होतो. ते नाव त्यांच्याही कानांवर पडले होते, माझ्या शेजारीच. पण त्यांच्या डोळ्यांतून नुसते पाणी आले. "नाई आठवून राह्यलं व माय. म्या कोणाचं वाईट नोतं चिंतलं."

संघप्रिया ओरडली नाही. तिने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. जाताना तिने माधवीकडे पाणी मागितले, पण ते पिण्याचे तिला सुचले नाही.

उन्हाळ्यात ती नाव न मिळताच भामरागडला गेली. दगड निवडून ठेवला होता. पत्रूबुवांनी हात जोडून तिला विचारले, "नाव नाई, त हा दगड कोणाचा म्हनू, बाई?" दगड आडवाच राहिला. पाऊस लागला, रस्ता बंद झाला. हे सांगायला ती परत बापूजींकडे आली होती. रागावून नव्हे. दुसऱ्या कोणाला सांगणार?

मित्रांनो, बापूजी देवमाणूस. त्यांचा नेम दयेचा होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस बोलता बोलता रडू लागले, तर त्याला पाणी द्या, त्याचा हात धरा, आणि ऐकत राहा. विषय बदलू नका. सांगायचे असते ते पुष्कळदा रडण्याच्या आतच असते. आणि कोणाचा आवाज जपायला घेतलात, तर तो सगळा जपा.

माझा नवा पट्टा अजून चांगला आहे. माधवी आता मला रोज पुसते. ती संध्याकाळी दिवा लावून हात जोडते, तेव्हा मीही मागणे मागतो. देवा, मला दुरुस्ती नको, मान नको. संघप्रिया पुन्हा समोर बसेल तेव्हा एकदाच तोंड दे, 'जुरी' म्हणण्यापुरते.