म्हशीच्या पाठीवरची गाडी

मी गाडी चालवते म्हटलं की लोकांना स्कूटर वाटते. माझी गाडी चपलांच्या खोक्यात मावते. चार जाडजूड मऊ चाकं, मधे उघडा सांगाडा, आणि चाल इतकी संथ की शेजारच्या सोनाबाईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "आजारी हाय का?"

आजारी नाही, तिला धावायचंच नसतं. दगडांवर चढायचं असतं. रॉक क्रॉलर म्हणतात. माझ्या लेकीने, प्रणालीने, अलिबागला नोकरी लागल्यावर सुटे भाग मागवले, दोन रविवार खटपट केली आणि खोकं माझ्या शिलाई मशीनखाली सरकवून दिलं. मी ते उघडलं ते छोटा पेचकस शोधायला. उघडलं आणि अडकले.

स्प्रिंगा मला मशीनच्या ताणासारख्या कळल्या. घट्ट केल्या की गाडी उड्या मारते, सैल केल्या की लोळते. पुढच्या चाकांत जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी भरले, म्हणजे चढावर नाक वर उचलत नाही. मोटरचं दातेरी चाक सगळ्यात लहान घातलं. वेग गेला, जोर आला. रिमोटचा हुकूम ऐकणारी डबी फुग्यात घालून वर व्हॅसलीन चोपडलं. मोटरला वीज देणारी डबी मात्र उघडीच ठेवली, कारण ती तापते. म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवायची नाही. एवढं सगळं मी व्हिडिओ बघून आणि तीन मोटरी जाळून शिकले. ब्लाउज शिवता शिवता.

प्रणाली सुट्टीला आली की आम्ही गाडी किनाऱ्यावरच्या काळ्या कातळावर न्यायचो. मी चालवायची, तिने शूटिंग करायचं. त्या सकाळी ती म्हणाली, "आई, आज म्हशीवर."

म्हैस म्हणजे किनाऱ्यापासून सुटलेला एक मोठा खडक, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. किनारा आणि म्हैस यांच्यामध्ये एक चर आहे. ओहोटीला चरीत घोट्याएवढं पाणी असतं. भरतीला माणूस बुडतो, आणि नुसता बुडत नाही, दोन्हीकडच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासला जातो. आमच्या गावात म्हशीवर कोणी उगाच जात नाही.

"पाण्याची वेळ बघू मोबाइलवर?" प्रणालीने विचारलं.

"बोटं कशाला आहेत?" मी म्हटलं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर येतं. होळीची पुनव, मग धुळवड, असं बोटांवर मोजत आले. आज चौथ, उद्या रंगपंचमी. भरती तीनला, म्हणजे पाणी नऊला तळाशी. साडेदहापर्यंत निवांत. असा माझा हिशेब होता.

माझा गुडघा कालवांवरून चालायला तयार नसतो, म्हणून मी चरीच्या अलीकडे उंच दगडावर उभी राहिले. प्रणाली गाडी उचलून पलीकडे गेली. मोबाइल विमानाच्या मोडवर टाकला, शूटिंग चालू असताना फोन आला की सगळं तुटतं म्हणून. मग म्हशीच्या पाठीवर पोट टेकून ती गाडीसमोर आडवी झाली, तोंड समुद्राकडे, पाठ माझ्याकडे.

गाडी झकास चालली होती. एका भेगेत पुढचं चाक लोंबकळलं, मागचं रेटत राहिलं, शिशाने नाक दाबून धरलं आणि ती वर आली. मला स्वतःचाच अभिमान वाटला. हळूहळू गाडी उंचवट्यावर गेली, आणि तिच्या बाजूने सरपटत प्रणाली पलीकडच्या उतारावर. मला आता तिची पिवळी टोपी तेवढी दिसत होती.

"कोकिळे, कोन हाय गं तकडं?"

सोनाबाई. कालवांची टोपली डोक्यावर, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"प्रणाली. तू एवढ्यात निघालीस?"

"एवढ्यात कुठं? पाणी फिरून किती येल झाला."

"काहीतरीच. आज चौथ."

"तीज." तिने टोपली खाली ठेवली. "बीज दोन दिस झाली न्हाय का यंदा? कॅलेंडर बघतेस का नुसती शिवत बसतेस?"

म्हणजे पाणी पाऊण तास आधीच फिरलं होतं. मी चरीकडे पाहिलं. घोट्याएवढ्या पाण्यातला एक पांढरा दगड मी खूण म्हणून मनात धरला होता. तो दिसत नव्हता. आणि मघापासून पाणी येताना मी ऐकतच होते की. मला तो गाडीचा आवाज वाटला होता.

"प्रणाली," मी ओरडले. सोनाबाई माझ्याहून मोठ्याने ओरडली. पण मघाशी पाठीवर असलेला वारा आता समुद्रावरून तोंडावर येत होता. आमच्या हाका आमच्याच कानात परत भरत होत्या. मी फोन लावला. तो बंद असल्याचं एक बाई मला गोड आवाजात सांगत राहिली.

"मी सदूला होडी घेऊन आनते," सोनाबाई म्हणाली. सदू तिचा नवरा. त्याची होडी बंदरावर, म्हणजे टोकाला वळसा घालून यायचं. हे तिलाही माहीत होतं. टोपली तिथेच टाकून ती पळाली. मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

चरीत उतरायला मी दगडावरून खाली आले. पाणी मांड्यांना लागलं आणि पायाखालचं शेवाळ सरकलं. मला पोहता येत नाही. माझा नवरा रोज आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट नेतो आणि मला पोहता येत नाही. कालवांना धरून कशीबशी परत वर आले, तळवे कापले गेले. गळ्यात दोरीने लटकवलेला रिमोट छातीवर आपटत होता.

तेव्हा सुचलं. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता, गाडी पोचलेली होती.

मी रिमोटचं चाक वळवलं. उंचवट्याच्या टोकावर गाडीची मागची चाकं दिसत होती, ती हलली. गाडी अर्धी फिरली, अडकली, मागे घेतली, पुन्हा फिरवली. तोंड माझ्याकडे झालं. आता घोडा दाबायचा. रिमोटला बंदुकीसारखा घोडा असतो, जितका दाबाल तितकी गाडी पुढे. मी पूर्ण दाबला, आणि गाडी आपल्या चालीने निघाली. ती चाल मीच दिली होती तिला. महिनोन्महिने खपून मी तिचा वेग काढून घेतला होता.

पिवळी टोपी वर आली. प्रणाली उठून गाडीमागे निघाली, ओणवी, नजर मोबाइलमध्ये. मी दोन्ही हात हलवले. तिने पाहिलं, हसली, आणि अंगठा दाखवला. भारी चालवतेयस, आई.

मी हात पुन्हा हलवले नाहीत. हलवले असते तर तिने पुन्हा अंगठा दाखवला असता.

पुढे ती भेग होती. येताना गाडी चढाने आली होती, आता उताराने जायचं होतं. चाक भेगेत पडून गाडी उलटली, तर माझी लेक बसून ती सरळ करणार, स्क्रू तपासणार, पुन्हा शॉट लावणार. पाणी चरीतून वर येऊन म्हशीच्या पोटाला लागलं होतं. मी घोडा सोडला. श्वास धरला. जरासा दाबला. पुढचं डावं चाक भेगेवर आलं, खाली गेलं, गाडी कलली, इतकी कलली की मला तिचं पोट दिसलं. मी सुई ओवताना धरते तसा हात धरला. देवाचं नाव घेतलं नाही, कारण कुठल्या देवाचं ते आठवेना. मागची चाकं हळूच पुढे आली. गाडी चारी चाकांवर टेकली.

त्यानंतर उतार. मी थांबवली नाही. काठ आला तरी थांबवली नाही. प्रणालीचे हात वर झाले, ती काहीतरी म्हणाली, बहुतेक "आई, बास". मी घोडा दाबून धरला आणि माझी गाडी चरीत गेली. पुढची चाकं, मग पाठ, मग एरियलची नळी. पाण्यावर एक बुडबुडा आला.

तेव्हा तिने मोबाइल खाली घेतला. चरीकडे पाहिलं, चरीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा एवढ्या लांबून दिसला नाही, पण खांदे दिसले. लहानपणी ती पडली की रडण्याआधी तिचे खांदे असेच वर जायचे.

ये, मी मनात म्हटलं. आत्ता ये, अजून छातीएवढंच आहे.

ती उतरली. कमरेपर्यंत पाण्यात आली, थांबली आणि वाकली. माझी वेडी पोर गाडी शोधत होती. तिला माहीत होतं ती गाडी करायला मला किती लागलं ते. एक लाट चरीतून आली, तिला दगडावर ढकलून गेली. तिने तोंडावरचं पाणी पुसलं आणि पुन्हा हात खाली घातला. मी नको नको म्हणून मान हलवत होते. ती बघतच नव्हती.

मी गळ्यातली दोरी काढली. रिमोट डोक्यावर धरून उभी राहिले. तिने वर पाहिलं, तेव्हा तो तिच्या डोळ्यांदेखत समुद्रात फेकला, जमेल तेवढा लांब. फार लांब गेला नाही. पण आवाज झाला.

प्रणाली ताठ झाली. रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या माझ्याकडे तिने पाहिलं, आणि गाडी सोडून निघाली.

मधोमध पाणी तिच्या गळ्याशी आलं. मी दगडावर पालथी पडून ओढणी फेकली. पहिल्यांदा वाऱ्याने माझ्याच तोंडावर आणली. मग एक टोक पाण्यात बुडवून जड केलं आणि पुन्हा फेकली. तिने धरली. ओढणीच्या काठाला मी दुहेरी शिलाई घालते. गिऱ्हाइकं म्हणतात, कशाला एवढं. मी ओढत राहिले, हाताला पीळ देत, आणि कापडाचा करकर आवाज ऐकत राहिले. शिलाई धरून होती.

ती वर आली तेव्हा गुडघे, कोपरं, सगळं कालवांनी खरवडलेलं होतं. आम्ही दोघी तिथेच बसलो. चरीत पाणी आता घुमत होतं. कितीतरी वेळाने टोकाला वळसा घालून सदूची होडी दिसली. सोनाबाई पुढे उभी राहून आमच्याकडे बघत होती. आम्ही दोघी दिसल्यावर ती मटकन खाली बसली.

"आई," प्रणाली म्हणाली, "रिमोट होता तो."

"होता."

"आणि गाडी?"

"आजारी होती."

ती हसली, मग दात वाजायला लागले तिचे. मी तिचा हात हातात धरला.

"उद्या रंगपंचमी ना?"

"परवा," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "आई, बोट नको ना दाबूस, दुखतंय."

"नाही दाबत गं."

मी खाली पाहिलं. तिच्या तळव्यावर माझं बोट घोडा दाबत होतं, सोडत होतं, पुन्हा हळूच दाबत होतं. मी त्याला थांब म्हटलं. त्याने ऐकलं नाही.